तीन ठोक्यांची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे, आणि स्वभावाने चांगली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. देवळातली, फुलं वाहिलेली पितळी घंटा मी नव्हे. परळीला रेल्वेचे रूळ बदलले, तेव्हा हातभर तुकडा कापून, त्याला भोक पाडून मला गेवराईजवळच्या या शाळेत कडुलिंबाला टांगलं. माझा आवाज चार शिवारं ओलांडून जातो.

मला वाजवायचा मान शिपाई दगडाबाईंचा. त्या चौथी शिकलेल्या, पण शाळेचा दिवस त्यांच्या मुठीत. रीत त्यांनीच पाडली. एक ठोका अभ्यासाचा, दोन मैदानाचे, तीन नाचाचे. ठोका पडला की हातातलं सोडायचं. गणित अर्धं राहिलं तरी वही मिटायची, चाळ पायात असले तरी काढायचे. दहावीतली वैष्णवी खो-खोत पळायची, गॅदरिंगला नाचायची आणि वर्गात पहिल्या पाचांत असायची, ती याच रीतीवर. गुरुजी माझं कौतुक करायचे. मला ते आवडायचं. का आवडू नये?

मग भगवानराव हेडमास्तर आले. आल्या आल्या त्यांनी विजेची घंटा बसवली, दहावीचं मैदान आणि नाच बंद केला आणि दिवसभर जादा तास लावले. मला भंगार म्हणाले. खिचडीच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं, त्याला अडण म्हणून मला उंबऱ्याशी टाकलं. वीस वर्षं ही शाळा मी उठवली-बसवली, आणि आता दार धरून पडायचं! त्याच दिवशी मी मनाशी म्हटलं, भगवानराव, तुम्ही मला विसरणार नाही.

तिकडं वैष्णवीचं बिनसलं. नाच सुटेना, खेळ सुटेना, म्हणून ती चोरून करू लागली. खिचडीच्या खोलीमागं भूमितीचं पुस्तक हातात धरून गिरक्या घ्यायची. वर्गात बसून मनात खांब गाठायची. धड काहीच होईना. पहिल्या चाचणीत गणितात नापास झाली. तिचे वडील मुंजाजी शाळेत आले आणि पोरीला दगडाबाईंसमोरच म्हणाले, "आता नाच न्हाई अन् खेळ न्हाई. सहामाहीला बी अशीच आपटलीस तर शाळा बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी झाडताना दगडाबाईंनी मला वीतभर आत सरकवलं, एवढंच.

पोरांना वाढण्याआधी खिचडी हेडमास्तरांनी चाखायची असा नियम आहे. भगवानराव चपला बाहेर काढून, डोळे मोबाइलात घालून आत आले. मी जागची हलले नाही. त्यांचा अंगठा मोडला.

"लागलं का, सर?" दगडाबाईंनी विचारलं. "लई जड हाय ते भंगार."

सर तीन आठवडे घरी बसले. कारभार ज्येष्ठ शिक्षिका सत्यशीला बाईंकडे आला. त्यातच लाइट रोज जाऊ लागली आणि विजेची घंटा मुकी झाली. बाईंनी मला पुन्हा लिंबावर चढवलं. ठोक्यांची रीत दहावीलाही पुन्हा सुरू झाली आणि वैष्णवी पुन्हा एका वेळी एकच काम करू लागली. सहामाहीला गणितात चाळीसपैकी एकतीस पडले.

सर लंगडत परतले आणि आधी मला उतरवायला सांगितलं. निकाल बघायला आलेले मुंजाजी मध्ये पडले.

"कावून काढता, सर? पोरगी घरी बी माझ्याकडून ताटलीवर ठोके वाजवून घेती. तवा कुठं अभ्यासाला बसती."

आणि तिथंच त्यांनी पोरीच्या बीडच्या खो-खो सामन्याच्या संमतीपत्रावर सही केली. मी लिंबावरच राहिले.

गेल्या सोमवारी मुली जिल्ह्याच्या सामन्यांना गेल्या. सोबत बाईमाणूस हवं म्हणून दगडाबाई गेल्या. दुपारी लाइट नव्हती. मैदानाची वेळ झाली आणि ठोके द्यायला कुणी नाही. भगवानराव स्वतः हातोडी घेऊन आले. नाखुशीनं एक ठोका दिला. एक म्हणजे अभ्यास, म्हणून पोरं वह्या उघडून बसून राहिली. सर वाट बघत उभे, आणि खिडक्यांतून पोरं त्यांच्याकडं बघत.

मित्रांनो, अभ्यासाच्या वेळी अभ्यास करा, खेळाच्या वेळी जीव तोडून खेळा, आणि राबलेल्या वस्तूला भंगार म्हणू नका. सगळ्याच वस्तू माफ करत नाहीत. सरांनी हातोडी पुन्हा उचलली. दुसरा ठोका त्यांच्या कानाशी मी असा दिला की हात खांद्यापर्यंत झिणझिणला, आणि अख्खी शाळा त्यांच्या अंगावरून मैदानात धावली.