नगाऱ्यावरचा डाव

इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात जुंपलेली लढाई तेव्हा सॉमरसेटपर्यंत येऊन पोचली होती. टॅम्सिन तिथल्या छावणीत शिपायांची धुणी धुवायची. तिचा नवरा अँब्रोस आणि पाठचा भाऊ बार्नबी, दोघंही एकाच पलटणीत. दोघांचं मेतकूट असं, की बायका तिला चिडवायच्या, "टॅम्सिन, नवरा तुझा की तुझ्या भावाचा गं?"

मेतकूट जमलं होतं ते हॅझर्ड नावाच्या फाशांच्या खेळावर. टॅम्सिनच्या बापाचा टॉंटनला दारूचा गुत्ता होता, आणि तिथे हा डाव रोज रंगायचा. बाप सांगायचा, जुन्या धर्मयुद्धातल्या सरदारांनी एका किल्ल्याला वेढा घालून बसल्या बसल्या कंटाळून हा खेळ काढला, आणि त्या किल्ल्याचंच नाव त्याला पडलं. खरं-खोटं देव जाणे. पण पोरं त्या खेळातच वाढली, आणि अँब्रोस पहिल्यांदा त्या घरात आला तोही फासे टाकायलाच.

त्या दुपारी दोघांवर घोड्यांच्या राखणीची पाळी होती. त्यांनी जमिनीवर कांबळं पसरलं आणि डाव मांडला. मान वर करून पाहतात तो शत्रूचे स्वार कुंपण तोडून घोडे हाकत निघालेले. मागे धावलेल्यांपैकी तीन शिपाई मेले.

कर्नलने सकाळी सगळ्या पलटणीला मैदानात उभं केलं.

"दोघांनाही लटकवायला हवं," तो म्हणाला, "पण माझ्याकडे माणसं कमी आहेत. एक पुरे. ज्या खेळापायी पहारा सोडलात, तोच खेळा. हरेल तो फासावर."

नगारा आडवा ठेवला गेला. फासे बार्नबीच्या हातात दिले, कारण तो वयाने लहान होता.

हॅझर्डमध्ये फासे टाकणाऱ्याने आधी दोन्ही फाशांच्या बेरजेचा एक आकडा बोलायचा असतो, पाचपासून नऊपर्यंतचा कुठलाही. पहिल्याच फेकीत तो पडला तर जिंकला. दोन किंवा तीन पडले तर सरळ हरला. आणि दुसराच एखादा आकडा पडला, तर तो त्याचा होतो, आणि मग सगळं उलटतं. आता फासे टाकतच राहायचं, तो आकडा पुन्हा पडला तर जीत, आणि आधी स्वतः बोललेला पडला तर हार.

बार्नबीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. गर्दीत त्याला बहीण दिसली.

"ताई," तो ओरडला, "काय बोलू गं?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. अँब्रोसचीही. तो नुसता पाहत राहिला.

फासे टाकणाऱ्याला सगळ्यात धार्जिणा आकडा कोणता, हे गुत्त्यातल्या पोरीला कुणी शिकवायला नको होतं. विचार करायच्या आत तोंडातून गेलं, "सात!"

"सात," बार्नबी म्हणाला आणि फासे टाकले.

तीन आणि एक. चार पडले.

शिपायांमधून एक सुस्कारा निघाला. चार क्वचित पडतात, सात पडायला फार वाटा असतात. आता चार पडले तर बार्नबी वाचणार, सात पडले तर मरणार. टॅम्सिनला हे कळलं, आणि त्याच क्षणी तिच्या छातीवरचं ओझं हललं. अँब्रोस वाचणार! आपल्याला हायसं वाटलं हे तिचं तिलाच जाणवलं, आणि तिने तोंडात एप्रनचं टोक कोंबलं.

नऊ पडले. मग सहा. मग पुन्हा नऊ. बार्नबी फासे हातात घोळवत होता, बापाच्या गुत्त्यात घोळवायचा तसेच.

पाच आणि दोन. सात.

बार्नबीने फासे उचलून नगाऱ्यावर नीट शेजारी शेजारी ठेवले.

"दाजी, माझे बूट घ्या," तो म्हणाला. "तुमच्या बुटांतून अंगठे बाहेर डोकावतात." मग बहिणीला म्हणाला, "ताई, रडू नको. बरोबर सांगितलं होतंस तू. मीही तेच बोललो असतो."

ओढ्याकाठच्या झाडाला त्याला लटकवलं. अँब्रोसने स्वतः खड्डा खणला, कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही. माती ओढून झाल्यावर तो तसाच उभा राहिला.

"सात म्हणालीस," तो म्हणाला.

"भाऊ होता माझा."

"माहीत आहे. माझाही होता. पण मी समोर उभा होतो, टॅम्सिन."

तिला सांगता आलं असतं. चार पडले तेव्हा मला काय वाटलं ते ऐक, म्हणता आलं असतं. त्याने नवरा कदाचित परत मिळाला असता. पण ते बार्नबीच्या उशाशी उभं राहून बोलायचं होतं, माती अजून ओली असताना. तिची जीभ उचलली नाही.

पलटण पुढे गेली. टॅम्सिन तिथेच राहिली, ओढ्याकाठच्या गोठ्यात गाई पिळायला, चीज करायला. गोठ्याच्या कुंपणाजवळ बार्नबीच्या मातीचा उंचवटा होता, तिथलं गवत ती कापत असे.

लढाई संपल्यावर अँब्रोस एकदा आला. हात लुळा पडला होता, दाढी पिकली होती. फाटकाशी थांबला, आत आला नाही.

"बरी आहेस?"

"आहे."

"डेव्हनला चाललोय. भावाच्या शेतावर." तो टोपी हातात फिरवत राहिला. "येतेस?"

तिने हातातली दुधाची बादली खाली ठेवली. होय म्हणायला तोंड उघडलं, आणि नजर आपोआप कुंपणाकडे गेली. अँब्रोसने ती नजर पाहिली. त्याने टोपी डोक्यावर घातली, फाटक अलगद लावलं आणि रस्त्याला लागला.

ती त्याला हाक मारणार होती. वळणापर्यंत तो दिसत होता, तोवर मारणारच होती.