ठेवणीतली खुर्ची

डेस्मंडच्या घरात पुढची खोली कायम बंद असे. यॉर्कशरच्या त्या गावात बहुतेक घरांत अशी एक ठेवणीतली खोली असतेच. चांगला गालिचा, चांगल्या कपबशा, झाकून ठेवलेल्या खुर्च्या, सगळं पाहुण्यांसाठी. घरची माणसं मागे स्वयंपाकघरात बसतात. डेस्मंड आणि त्याची बायको विनीही चाळीस वर्षं तशीच बसली. मार्चमध्ये विनी गेली, तेव्हा डेस्मंडने त्या खोलीला कुलूपच लावलं.

ऑक्टोबरात मुलगी हेदर दोन दिवस राहायला आली. तिला सातवा महिना होता आणि कंबर दुखत होती.

"बाबा, पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत जरा टेकते."

"तिथं नको. कापड खराब होईल."

"मी काय चिखलात लोळून आलेय?"

 किल्ली डेस्मंडच्या खिशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला बाहेर काढलं. "सात महिने घरात कोंडून घेतलंत. चला, डोंगरातली पानं पिवळी झालीत. वाटेत ती जुनी हवेलीही बघू, लोकांना बघायला खुली असते."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं तांबूस झाली होती, दगडी कुंपणांमागे मेंढ्या चरत होत्या. डेस्मंड गाडीत नुसता समोर बघत बसला होता.

हवेलीच्या दिवाणखान्यात प्रत्येक खुर्चीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं होतं. दाराशी साध्या लाकडी खुर्चीवर एनिडबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, येणाऱ्यांना माहिती सांगायला आठवड्यातून दोनदा येणाऱ्या.

"'बसू नका' अशी पाटी लावली तर कोणी वाचत नाही," त्या म्हणाल्या. "काटा मात्र सगळ्यांना कळतो."

कितीतरी दिवसांनी डेस्मंड हसला. "फार छान युक्ती! मला एक द्याल? बायको गेली, तिची खुर्ची आहे घरी, तिच्यावर ठेवतो."

हेदरचा चेहरा उतरला. "ठेवा, बाबा. म्हणजे बाळ झाल्यावर मी यायलाच नको. त्याला काय दाराबाहेर बसवणार?"

तिने भिंतीला हात टेकला. एनिडबाई लगेच उठल्या आणि तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. मग डेस्मंडकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या बाईसाहेब त्या खुर्चीत फार बसायच्या का?"

"एकदाही नाही," डेस्मंड हळूच म्हणाला. मग त्याच्या तोंडून बाहेर पडलं, "गेल्या वर्षी याच दिवसांत म्हणाली होती, समोरचं झाड लाल झालंय, मला खिडकीशी बसव. मी म्हटलं, बरी झालीस की बस. औषध सांडलं तर डाग निघणार नाही. अजून एकही डाग नाही हो त्या खुर्चीवर."

"मग ती खुर्ची त्यांची कशी? त्यांना तर बसू दिलं नाहीत."

"बाई, लागतंय मला."

"लागणारच. माझा नवरा गेला, त्याचा चांगला कोट अजून कपाटात नवाच्या नवा आहे, म्हणून बोलते. अहो, या हवेलीत कोणी राहत नाही, म्हणून आम्ही काटे ठेवतो. तुमच्या घरात माणसं आहेत! ही पोर आणखी एक माणूस घेऊन येतेय! राहत्या घरात काटे कशाला?"

डेस्मंडने मुलीला हात देऊन उठवलं.

निघताना एनिडबाईंनी एक बोंड त्याच्या हातात ठेवलं. "बागेत खोचा. दाणे पाखरं खातील."

घरी आल्यावर डेस्मंडने आधी बोंड बागेत खोचलं, मग पुढच्या खोलीचं कुलूप काढलं. खुर्चीवरचं कापड स्वतः ओढून काढलं. हेदरला खिडकीशी बसवलं आणि चांगल्या कपात चहा दिला. तिच्या हातून थोडा चहा खुर्चीच्या हातावर सांडला. डाग पुसायला ती रुमाल शोधू लागली.

"राहू दे," डेस्मंड म्हणाला. "आणखी ओतू?"

समोरच्या झाडाची लाल पानं गळत होती. ती बघायला आणि हेदरशेजारी बसायला त्याने दुसऱ्या खुर्चीवरचं कापडही काढलं.

वाचकहो, आपल्याही घरात कपाटभर ठेवणीतलं असतं. पाहुणे येतील तेव्हा काढू, बरं वाटेल तेव्हा वापरू, असं म्हणत आपण घरच्याच माणसांना ताटकळत ठेवतो. चांगली वस्तू आधी आपल्या माणसाला द्या, डाग पडला तरी चालेल. विनीला ती खुर्ची मिळाली नाही, ते आता भरून येणार नाही. ज्यांना अजून देता येतं, त्यांना आजच द्या.