सुकरीचा शब्द

पाळण्याची कडी करकरली.

नीलानं दचकून मान वर केली. समोर खुर्चीवर नागपूरहून आलेले मिशनचे मोठे पाळकसाहेब मांडीवर वही घेऊन उत्तराची वाट पाहत होते. पडद्याआड पाळणा हलत होता. बाळ तर केव्हाचं झोपलं होतं. दोरी हाती धरून आत सुकरी बसली होती, आणि तिचे कान इकडे होते, हे त्या करकरीवरूनच नीलाला कळलं.

"बाई, तुम्ही अहेरीच्या. तुम्हांला गोंडी येते," पाळकसाहेब पुन्हा म्हणाले. "ही सुकरी प्रार्थनेत मध्येच 'पेन' म्हणाली. मोरपिसं लावून जत्रेत मिरवतात, ते गोंडांचे पेन मी अहेरीकडे पाहिले आहेत. ही अजून त्यांनाच हाक मारते काय?"

उत्तर सोपं होतं. गोंडीत देवाला पेनच म्हणतात. दुसरा शब्द आणायचा कुठून?

चांद्याच्या पठाणपुरा वेशीबाहेर ही वस्ती. जंगलातली गावं सोडून कोळशाच्या खाणीवर आलेली माणसं, एकेका खोलीत आठ-आठ जणं. मिशननं नीलाच्या नवऱ्याला, गुणवंत मास्तरांना, इथं पाठवलं तेव्हा महिनाभर लोक त्यांना देवी टोचणारा समजून दारं लावून घेत. मास्तर हटले नाहीत. बाहेरून माणसं आणून वस्ती उभी राहत नाही, वस्तीतलीच पोरं उभी केली पाहिजेत, हे त्यांचं ठाम मत. पाच तरुण मुलंमुली त्यांनी हेरली आणि एकेकाला एकेक गल्ली दिली. गल्लीतल्या लेकरांना अक्षरं शिकवायची, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, रविवारी हातपाय धुवून सगळ्यांना शब्बाथशाळेत बसवायचं.

चौथी गल्ली सुकरीची. खाणीत कोळसा भरणाऱ्या बुधूची ही सतरा वर्षांची लेक. तिच्या गल्लीतली लेकरं मराठी गोष्ट ऐकताना भिंतीकडे पाहत. एका दुपारी सुकरीनं नीलाला विचारलं होतं, "बाई, मी त्याईले गोंडीत सांगू काय? पण मंग देवाले पेन म्हणा लागन."

"म्हण की वं," नीला हसून म्हणाली होती. "देव काय रागावते?"

त्या दिवसापासून चौथी गल्ली सगळ्यांत मोठ्यानं गाऊ लागली.

आता पाचांतून एकाला दोन वर्षं शिकायला नागपूरला जायचं होतं. परतून आल्यावर वस्तीची शाळा त्याच्याच हाती येणार होती. सुकरीचंच नाव निघणार, हे सगळे धरून चालले होते. पण निवडीला आलेल्या पाळकसाहेबांपुढं प्रार्थना म्हणताना तिची जीभ अडखळली, मराठी सुटली, आणि ओठांवर आलं ते रोजचंच. पाचांतलीच कंपाउंडरची इंदू तेवढ्यात फिसकन हसली, "पेन पायजे काय वं तुले? दौत बी देऊ?" मास्तर असते तर त्यांनी सांभाळून घेतलं असतं. पण ते पाळकसाहेबांच्या परतीसाठी टांगा आणायला गेले होते.

नीलानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि पुन्हा कडी करकरली.

सुकरी गेली तर हा पाळणा कोण हलवणार? दुपारी ती तासभर यायची, म्हणून नीलाचं डोकं धुऊन व्हायचं, केस उन्हात वाळायचे, डोळा लागायचा. दोन लेकरांच्या आईला दिवसात तेवढाच एक तास स्वतःचा होता.

"बाळ उठलं वाटते," नीला म्हणाली आणि उभी राहिली. मग पडद्याकडे न बघताच बोलली, "मले नक्की नाई सांगता येत, साहेब."

पाळकसाहेबांनी इंदूचं नाव लिहिलं.

मास्तर परतले तेव्हा टांग्यात बसता बसता पाळकसाहेबांनी त्यांना एवढंच सांगितलं, की मुलगी चांगली आहे, पण अजून थोडी वाट पाहू. संध्याकाळी इंदूकडून सगळं कळल्यावर मास्तरांनी विचारलं, "तू सांगाचं ना त्याईले पेन म्हंजे काय ते?"

"मले कोणी इचारलंच नाई," नीला म्हणाली आणि चुलीत फुंकर घालू लागली. लाकडं सुकी होती, तरी डोळ्यांतून पाणी आलं.

दुसऱ्या दुपारी सुकरी नेहमीसारखी आली. काही बोलली असती, तोंड फिरवलं असतं, तरी बरं झालं असतं. तिनं दोरी हाती घेतली. "बाई, तुमी झोपा. मी हावो ना."

"सुकरी, कालचं..."

"माहीच चूक होती, बाई. तुमाले नसन ना माहीत." एवढं म्हणून ती पाळण्याकडे पाहत राहिली.

तिला सगळं माहीत होतं. नीलाला झोप लागली नाही. केस न धुताच तिनं पोस्टकार्ड काढलं आणि लिहिलं, 'साहेब, सुकरी पेन म्हणते ते देवालाच. तो शब्द वापर असं मीच तिला सांगितलं होतं.' शेवटची ओळ वाचून तिचा हात थांबला. मास्तर काय म्हणतील? कार्ड तांदळाच्या डब्यात गेलं. उद्या टाकू. मग परवा. इंदूला जायला अजून चार दिवस होते.

रविवारी चौथी गल्ली शब्बाथशाळेत आली. सुकरी पुढं उभी राहून जपून, घडी घातल्यासारखं मराठी बोलत होती. एकही गोंडी शब्द नाही. लेकरं पुन्हा भिंतीकडे पाहू लागली. धाकटा जंगू तर मधूनच उठून बाहेर निघून गेला. मास्तर मागं उभे होते. त्यांनी नीलाकडे पाहिलं आणि नीलानं बाळाचं टोपडं नीट केलं, ते नीटच होतं तरी.

त्या दिवशी दिवेलागणीला ती तांदूळ काढायला बसली. हाताला कार्ड लागलं. कोपरे पांढरे, पिठूळ झाले होते. इंदूची गाडी उद्या सकाळची.

पाच वर्षांची आशा जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला शेजारी हात जोडून बसली होती. सुकरीच्या मांडीवर बसून शिकलेली प्रार्थना. तिनं डोळे मिटले, "हे पेना" म्हणाली आणि पटकन जीभ चावली.

"काऊन थांबली वं?" नीलानं विचारलं.

"सुकरीताई म्हणे, तसं नाई म्हणाचं आता. देवाले समजत नाई." आशानं एक डोळा उघडला. "आई, देवाले गोंडी नाई येत काय?"