मैदानाच्या कडेचा बाक आणि दोघी शेजारणी

मित्रांनो, मी लाकडाचा एक बाक आहे आणि आता बराच म्हातारा झालो आहे. माझे लाकूड सागाचे. पूर्वी मी मालगाडीच्या एका डब्याचा दरवाजा होतो. तो डबा मोडीत निघाला, तेव्हा दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या बाळासो सुताराने त्याच्या फळ्या घरी आणल्या. त्याने माझ्यावर रंधा फिरवला, जुना तांबडा रंग खरवडून काढला आणि चार जाड पाय ठोकले. मग मला बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवले. स्वतः माझ्यावर दोनदा उठबस करून तो म्हणाला, "ह्यो बाक नातवंडांस्नी बी पुरंल."

तेव्हा स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षे झाली असतील. वसाहतीतल्या पोरांनी 'नवजवान मंडळ' नावाचा संघ काढला होता. कुणी इंजिनांच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणजे हाताखालचा मदतनीस, कुणी अजून नोकरीच्या शोधात. त्यांना शिकवणारे चांदभाई शेडमध्ये फिटर होते. पाळी संपली की तेलकट हात रॉकेलने धुऊन ते गळ्यात शिट्टी अडकवत आणि मैदानात उतरत.

संघ नवा होता, पण त्याच्यावर बोलणाऱ्यांना तोटा नव्हता. माझ्या उजव्या टोकाला पार्सल ऑफिसातले पोपटराव बसत. त्यांच्या शेजारी वरवंडचे हौसराव. ते दौंडला गूळ घेऊन येत आणि खेळ बघितल्याशिवाय परतत नसत.

"पोपटराव, चांदभाई पोरांना लई पळवत्यात. म्याचच्या आधीच पोरं दमत्यात," हौसराव म्हणत.

"न्हाई पळवलं तर शिकतील कशी? पर मी म्हंतो, कोच भायेरचा आनावा. पुन्याचा."

"पुन्याचा यून काय करनार? रिंग तीच, बॉल त्योच."

संघ जिंकला की पोपटरावांना चांदभाई देवमाणूस वाटत, हरला की पुण्याचा कोच आठवे. हा वाद रोज चाले आणि तो ऐकायला मला फार आवडे.

माझ्या डाव्या टोकाला दोन बायका बसत. एक सोजराबाई, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची बायको. तिचा मुलगा भिमा संघात होता. दुसरी रोशनबी. तिचा नवरा इंजिनावर फायरमन होता. तिचा मुलगा सिद्दीकही संघात होता आणि चांदभाई तिचा सख्खा भाऊ. दोघींच्या क्वार्टरांमध्ये एकच भिंत आणि अंगणात एकच नळ. पोरे तर लहानपणी एका ताटात जेवलेली. सोजराबाई पदरात भुईमुगाच्या शेंगा आणी, रोशनबी त्या सोली, आणि दोघी मिळून खेळ बघत.

सिद्दीक उंच होता. रिंगखाली बॉल मिळाला की त्याची बास्केट चुकत नसे. बास्केट पडली की सारे मैदान ओरडे, "सिद्दीक, सिद्दीक." रोशनबी मान खाली घालून हसे. सोजराबाईही हसे, पण त्या वेळी तिची बोटे माझी कड घट्ट आवळीत. ती पकड मला एकट्यालाच कळे. कारण बॉल सिद्दीकच्या हातात अचूक आणून देणारा भिमा असे. तो पाच जणांतून वाट काढी, डोके वर न करता पास टाकी आणि परत बचावाला पळे. टाळ्या मात्र बॉल शेवटी ज्याच्या हातून सुटला त्याला मिळत.

मित्रांनो, सोजराबाईचे दुःख मला कळत होते, कारण मत्सर मलाही ठाऊक होता. मोठे साहेब खेळ बघायला आले की रेल्वेच्या क्लबातून, इन्स्टिट्यूटमधून, वेताच्या खुर्च्या येत. वर्षातून दोनदा येणाऱ्या त्या खुर्च्यांना पुसायला माणूस असे. मी बारा महिने ऊन-पाऊस सोसत होतो आणि माझ्यावर कुणी फडके मारलेले मला आठवत नाही.

अशात एक बातमी आली. मुंबईच्या एका कापड गिरणीला आपला बास्केटबॉलचा संघ उभा करायचा होता. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळणार होती. हजेरी गिरणीत लावायची, काम खेळण्याचे, पगार महिन्याचा. शिरूरला होणाऱ्या सामन्याला त्यांची माणसे येणार होती आणि आवडला तर आमचा एखादा पोरगा नेणार होती.

त्या आठवड्यात माझ्यावर बसायला जागा पुरेना. कोण जाणार याचीच चर्चा. "सिद्दीक गेल्यात जमा हाय," पोपटराव म्हणाले. "त्याच्यावाचून हाय कोन?"

रोशनबी तेव्हा घरी भाकरी टाकायला गेली होती. सोजराबाई शेंगांची टरफले पायाने गोळा करीत होती. वर न बघता ती म्हणाली, "जानारच की. मामा कोच म्हनल्यावर भाच्यापरीस दुसऱ्याच्या हातात बॉल जाईल कसा?"

तिने आवाज चढवला नव्हता, पण हौसरावांचा शेंगा खाणारा हात थांबला. पोपटरावांनी तिच्याकडे बघितले आणि हळूच मान हलवली, जणू हे आपल्या आधीच ध्यानात यायला हवे होते.

खरे काय ते मी रोज बघत होतो. चांदभाई सगळ्यांत जास्त सिद्दीकवरच ओरडत. एकदा उशीर झाला म्हणून त्यांनी त्याला सगळ्यांदेखत घरी पाठवले होते. तेव्हा सोजराबाई माझ्यावरच बसलेली होती. तिने ते पाहिले होते.

पण शब्द तोंडातून गेला होता. तो चहाच्या हॉटेलात गेला, शेडमध्ये गेला आणि आठवड्याच्या बाजारात पोचेपर्यंत चांगला धष्टपुष्ट झाला. चांदभाईंनी गिरणीवाल्यांशी परस्पर बोलणी केली, असे लोक म्हणू लागले. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चांदभाई माझ्यावर येऊन बसले. बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी विचारले, "पोपटराव, मी काय करावं म्हंता तुमी?"

"मी कुठं काय म्हंतो, चांदभाई? लोक म्हंत्यात."

"बरं हाय," चांदभाई म्हणाले. "मग लोकांचं ऐकू या."

शिरूरला जायला एक ट्रक ठरला होता. बायकांना बसायला हवे म्हणून पोरांनी मला उचलून ट्रकमध्ये चढवले. माझ्या आयुष्यातला एवढाच एक प्रवास. न्हावऱ्याच्या रस्त्याने धूळ उडत होती, पोरे गाणी म्हणत होती. सोजराबाई आणि रोशनबी माझ्यावरच बसल्या होत्या. पण त्या दिवशी दोघींच्या मध्ये पाण्याची कळशी ठेवलेली होती आणि सगळ्या वाटेत शेंगा कुणी काढल्या नाहीत.

शिरूरच्या मैदानावर राखीव खेळाडूंना बसायला काही नव्हते, म्हणून मला तिथे नेऊन ठेवले. चांदभाईंनी पाच नावे सांगितली. त्यांत सिद्दीक नव्हता. पोरे एकमेकांकडे बघत राहिली.  गळ्याभोवती टॉवेल टाकून सिद्दीक माझ्यावर येऊन बसला.

खेळ सुरू झाला आणि गर्दीतून पोपटरावांचा आवाज आला, "अवो चांदभाई, सिद्दीकला का बशिवलंय? डोकं फिरलं का तुमचं?" हौसरावही त्यांच्याच सुरात सूर मिळवत होते. चांदभाईंनी मागे वळून बघितले नाही.

सुरुवातीला भिमा पास टाकायचा आणि ज्या जागी सिद्दीक असायचा तिथे कुणीच नसायचे. बॉल बाहेर जायचा. शिरूरचे लोक हसत होते. मग मध्यंतरानंतर त्याने पास टाकणे सोडले आणि स्वतःच रिंगकडे जाऊ लागला. त्या दिवशी त्याच्या हाताला काय झाले होते कुणास ठाऊक. लांबून, जवळून, कडेने, त्याने मारलेला बॉल जाळीतूनच जात होता. त्याच्या प्रत्येक बास्केटला सिद्दीक माझ्यावरून अर्धा उठे, टाळी वाजवी आणि पुन्हा बसे. बसताना त्याचे ओझे मला आधीपेक्षा जड वाटे.

एकदा खेळ थांबला तेव्हा भिमा धापा टाकत कडेला आला. "मामा, सिद्दीकला घ्या."

"आज न्हाई," चांदभाई म्हणाले.

आम्ही सामना जिंकलो. गिरणीच्या माणसांनी भिमाला बाजूला बोलावले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नाव-पत्ता लिहून घेतला. सोजराबाईला जे हवे होते ते तिच्या पदरात पडले होते. परतीच्या वाटेवर मात्र ती माझ्यावर अंग चोरून बसली होती. 

दुसऱ्या दिवशी तिने पेढे वाटले. शेजारच्या घरी ती सगळ्यांत शेवटी गेली. रोशनबीने पेढा घेतला, भिमाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती आत गेली. हे मला पोपटरावांच्या बोलण्यातून कळले. रोशनबी त्यानंतर मैदानाकडे फिरकलीच नाही. चांदभाईंनीही शिट्टी सिद्दीकच्या हातात दिली आणि सांगितले, "आता तूच शिकव पोरांना. मी मामा हाय तवर माझ्या शिट्टीवर कुनाचा भरोसा ऱ्हानार न्हाई." सिद्दीक तोवर शेडमध्ये खलाशी म्हणून लागला होता. लोकांनी आग्रह केला तरी तो स्वतः पुन्हा सामन्यात उतरला नाही.

भिमा मुंबईला गेला. सोजराबाई माझ्या डाव्या टोकाला एकटी बसू लागली. मला वाटले होते, आता तिचे मन निवेल. तसे झाले नाही. सिद्दीक आईचे पाणी भरी, दळण आणी, तिला दवाखान्यात सायकलवर बसवून नेई, हे सोजराबाईला रोज अंगणातून दिसे. पूर्वी तिला सिद्दीकच्या टाळ्या खुपत. आता त्याच्या डोक्यावरचा दळणाचा डबा खुपू लागला.

एका वर्षी सिद्दीकने शिकवलेली पोरे चांगली खेळू लागली आणि रोशनबी पुन्हा आली. माझ्यावर जागा होती तिथेच ती बसली.  मग सोजराबाई म्हणाली, "तुझं बरं हाय. पोरगा डोळ्यापुढं हाय. माझा वर्साकाठी दोनदा यितो, त्यो बी पावन्यासारखा."

रोशनबीने मैदानावरची नजर काढली नाही. "सोजरा, तू बाकावर बसून काय बोललीस ते मला पोपटरावांनी कवाच सांगितलं."

सोजराबाईची बोटे माझ्या कडेवर आली. "मग इतकी वर्सं बोलली न्हाईस ती?"

"काय बोलू? नळ एकच हाय आपला."

समोर कुणीतरी बास्केट चुकवली. सिद्दीकची शिट्टी वाजली.

"आन् ऐक," रोशनबी म्हणाली, "दिवाळीला भिमा गिरनीचा निळा कोट घालून आला, तवा मला ताप आलाय म्हनून सांगितलं ना मी? ताप न्हवता. दार लावून बसले हुते. मला बघवंना."

"ठावं हाय मला," सोजराबाई म्हणाली. "भिंतीतनं भाकरी थापल्याचा आवाज येत हुता. ताप आलेलं मानूस एवढ्या भाकरी थापतं व्हय?"

दोघीही हसल्या नाहीत. पण त्या दिवसापासून रोशनबी रोज येऊ लागली.

पुढे भिमाचा गुडघा दुखावला. गिरणीच्या संघातून त्याला काढले आणि तो गावी परत येणार अशी बातमी आली. त्याच सुमाराला सिद्दीकचा संघ लागोपाठ हरत होता. माझ्या उजव्या टोकाला पुन्हा जुना वाद पेटला.

"भिमालाच कोच करावं," पोपटराव म्हणाले. "म्हमई बघून आलेला मानूस हाय."

"सिद्दीकनं पोरं घडवलीत, पोपटराव," हौसराव म्हणाले.

"घडवलीत आन् हरवलीत. सोजराबाई, तुमी म्हनाल तसं करू. तुमी 'व्हय' म्हना, उद्याच मंडळात इषय काढतो."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितले. रोशनबी शेजारीच होती.  सोजराबाईने माझी कड इतकी घट्ट धरली की तिचे नख माझ्या लाकडात रुतले. पोरगा परत येणार, गावात मान मिळणार, त्याच्या गळ्यात शिट्टी असणार. तिने फक्त एक शब्द बोलायचा होता.

"भिमा दमून येनार हाय," ती शेवटी म्हणाली. "त्याला हितं आमच्यासंगं बसू द्या. शिट्टी सिद्दीककडंच ऱ्हाऊ द्या."

 थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "पर एक सांगते. भिमासारखा पास सिद्दीकच्या एका बी पोराला जमत न्हाई."

"त्ये खरं हाय," रोशनबी म्हणाली.

मित्रांनो, त्यानंतर मैदानाला सिमेंटच्या पायऱ्या झाल्या. लोक तिथे बसू लागले आणि मला मैदानामागच्या सामानाच्या खोलीत, चुन्याच्या पोत्यांशेजारी आणून उभे केले. त्या पायऱ्यांचा मला हेवा वाटतो, हे मी लपवत नाही. पण पायऱ्यांवर माणसे एकमेकांच्या वर-खाली बसतात. माझ्यावर मात्र शेजारीच बसावे लागते, खांद्याला खांदा लावून. माझा एक पाय खिळखिळा झाला आहे. तो ठोकून घ्या, अंगावर थोडे तेल फिरवा आणि मला पुन्हा मैदानाच्या कडेला ठेवा. दुसऱ्याचे चांगले बघून तुमच्याही मनात कधी काटा रुतेल. तेव्हा उठून जाऊ नका. माझी कड घट्ट धरा आणि तिथेच बसून राहा.