कोऱ्या पाण्यातली रेघ

आमच्या प्रयोगशाळेत दिवसाचा पहिला नमुना नुसत्या शुद्ध पाण्याचा असतो. त्यात काही सापडलं, तर दोष आपल्यात आहे असं समजायचं. आवारात धूम्रपानबंदी आली आणि महिनाभरात त्या पाण्यात निकोटिन दिसू लागलं. जिन्यात धुराचे लोट असत, तेव्हा आलेख सपाट असायचा. मला काही उमगेना.

साहेबांना लगेच उमगलं. "काका. दुसरं कोण? चोरून ओढतात आणि त्याच हातांनी बाटल्या धुतात. शुक्रवारी कारण लेखी द्या, त्यांना घरी बसवतो."

काका काचसामान धुतात. निवृत्तीला सात महिने उरलेत.

"बाई, सुटली हो माझी," ते म्हणाले. "एका विडीसाठी तीन जिने उतरून फाटकाबाहेर जायचं? गुडघ्यांनीच सोडवली."

सोमवार-मंगळवार मी काकांना रजा दिली, बाटल्या स्वतः धुतल्या. निकोटिन होतंच. बुधवारी स्वेटर घरी विसरले, दिवसभर कुडकुडले, आणि आलेख सपाट आला. गुरुवारी स्वेटर घातला. रेघ पुन्हा वर. मी तो नाकाला लावून पाहिला. मला कसलाच वास येईना.

स्वेटर घरी बाथरूमच्या दारामागे अडकवलेला असतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नवऱ्याने सिगारेट सोडली होती. म्हणजे रोज कोपऱ्यावर दोन ओढायचा, आणि त्या मला ठाऊक होत्या. त्याच सुमारास रस्त्यावरही बंदी आली तेव्हा त्या दोनही गेल्या म्हणून मी निश्चिंत झाले होते.

"किती?" मी त्या संध्याकाळी विचारलं.

"आठ. कधी नऊ. कोपऱ्यावर लोक बघायचे, दोनवर थांबायचो. बाथरूममध्ये कोण बघतंय? आणि बाहेर दंड आहे गं."

"आणि हृदय?"

"त्याच्यासाठीच तर खिडकी उघडी ठेवतो."



शुक्रवारी मी कारण लिहून दिलं: माझा स्वेटर. साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"बाई, तुम्ही ओढता?"

"नाही. नवरा ओढतो. बंदी आल्यापासून जास्त."

काकांना घरी बसवायचा कागद साहेबांनी तयार ठेवला होता, तो फाडला. काका बाटल्यांचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. मी बाहेर आले तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले, "जिने चढायला लावा त्यांना. आपोआप सुटेल."

आम्ही तळमजल्यावर राहतो.