चौथी 'ब'ने फोडलेला पासवर्ड

सांगते, पण हसायचं नाही. हसलात तरी चालेल म्हणा, सगळे हसून झालेत.

शिक्षिका व्हायच्या आधी आम्हाला परीक्षेचा एक पाठ घ्यावा लागतो, खऱ्या वर्गावर. मागच्या बाकावर प्राध्यापिका व्हिदोसावा वही घेऊन बसतात. पाठ पडला की वर्ष गेलं. आणि वर्ष घालवणं मला परवडणार नव्हतं. द्रीना नदीकाठच्या आमच्या गावातल्या शाळेतल्या बाई जूनमध्ये निवृत्त होत होत्या आणि त्या जागेवर लहानपणापासून माझा डोळा होता.

विषय मिळाला सुरक्षित पासवर्डचा. म्हटलं, हा तर हातचा मळ! कॉलेजच्या पाहणीत मीच ठोकून दिलं होतं ना, 'मला या विषयाची पूर्ण जाणीव आहे' म्हणून.

चौथी 'ब'. वीस मुलं. मी पडद्यावर माझ्याच मेलचं पान लावलं आणि म्हणाले, "ओळखा बघू माझा पासवर्ड! तीन संधी." केवढा तो तोरा!

पहिल्या बाकावरची स्तामेना उठली. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला.

"बाई, आधी प्रश्न विचारू?"

"विचार की, बाळा. प्रश्न विचारणारी मुलं मला फार आवडतात."

"तुमच्या घरची स्लावा कोणती?"

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी आमंत्रण लागत नाही, अख्खा गाव जेवून जातो. आणि कोणी विचारलं की सर्ब माणसाची छाती फुगलीच म्हणून समजा.

"जुर्जित्स!" मी म्हणाले. "आमच्याकडच्या सारमेसारखी सारमा पंचक्रोशीत मिळायची नाही!" सारमा म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळून शिजवलेला खिमा-भात.

"आणि तुमचा जन्म कधीचा?"

"दोन हजार तीनचा."

ती आली, खुर्चीवर गुडघे टेकले, 'जुर्जित्स' टाकलं. नाही उघडलं. मग पुढे साल जोडलं. उघडलं!

सगळ्यात वर मैत्रिणीला पाठवलेला माझा मेल. चौथीची मुलं मोठी अक्षरं दिसली की एका सुरात वाचतात, आम्हीच तसं शिकवतो. वीस गळे गर्जले, "उद्या त्या म्हाताऱ्या घुबडासमोर पाठ आहे, व्हिदोसावाच्या!"

मेले! धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. गावची शाळा डोळ्यांसमोरून वाहून गेली.

व्हिदोसावा उठल्या, टकटक चालत पुढे आल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मुलांनो, घरात आईबाबांचा पासवर्ड स्लावाचाच आहे, असे किती?"

पंधरा हात वर. कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या वर्गशिक्षिकेचाही, अर्धवट.

स्तामेना कुठली गप्प बसायला! "आणि तुमची स्लावा कोणती हो?"

व्हिदोसावांनी तोंड उघडलं. मिटलं. कान लाल झाले.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या. मग वर्ग जो हसला, जो हसला, शेवटी त्याही पोट धरून हसल्या.

मी मात्र रडायच्या बेतात. "बाई, माफ करा. माझं वर्ष..."

"ल्युबिंका, कच्चा पासवर्ड ओळखता यावा, हेच उद्दिष्ट होतं ना पाठाचं? वीसच्या वीस पोरांना आला. दहापैकी नऊ."

मला हुंदकाच फुटला.

"अगं, पडद्यावर अजून उघडंच आहे ते!" त्या ओरडल्या. "आधी पासवर्ड बदल, मग काय रडायचं ते रड."