काहूनरावांचा प्रिंटर

"बंद करून चालू केला का, बाबा?"

"केला."

"अन् राउटर?"

"त्यालेबी केलं. घराचा मेन स्विचबी पाडून पाह्यला. आता फक्त मीच राह्यलो. म्हंशीन तर मलेबी बंद करून चालू करतो!"

फोनच्या पलीकडे, पुण्यात, वीरेंद्रला हसू आलं. इकडे मेडशीत बबनराव मागच्या खोलीत प्रिंटरपुढे मांडी ठोकून बसले होते. प्रिंटरचा निळा दिवा लुकलुकत होता. नेट सापडलं की तो लुकलुकायचा थांबतो, एवढं शिक्षण त्यांचं आता झालं होतं.

"जाऊ द्या न बाबा. संस्कृतीचे चित्रं मी फोनवर पाठवत जाईन. आईले दाखवत जा."

"ते मंग पाहू. आधी मले हे सांग, चांगला चालणारा प्रिंटर एकदम बंद काहून पडला?"

हा 'काहून', म्हणजे 'का', हा बबनरावांचा जुना रोग. उभी नोकरी त्यांनी मेडशीच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या नोंदी करण्यात काढली. गाडी उशिरा आली तर वेळ लिहावी आणि गप्प बसावं की नाही? छे! ड्रायव्हर खाली उतरायच्या आत हे त्याच्या खिडकीशी हजर. काहून उशीर? टायर बसला म्हटलं, तर काहून बसला. पातूरच्या घाटात ट्रक आडवा झाला म्हटलं, तर तो काहून आडवा झाला. शेवटी ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यांचं नाव काहूनराव ठेवलं आणि गावानं ते उचलून धरलं. बबनरावांना त्याचा कधी राग आला नाही. उलट कुणी हाक मारली की ते लगेच वळत.

प्रिंटर मात्र त्यांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा, चतुराबाईंचा होता. दिवाळीच्या तोंडावर चतुराबाई ओट्यावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, पण पाय काही पहिल्यासारखा टेकेना. तेव्हापासून मागच्या खोलीतली खाट हेच त्यांचं जग. वीरेंद्रनं येऊन खाटेशेजारी, हात पोहोचेल असा, हा प्रिंटर मांडून दिला. त्याची दुसरीतली लेक संस्कृती पुण्यात चित्र काढायची, खाली चार मोठाली अक्षरं लिहायची, कुठलंसं बटण दाबायची, आणि संध्याकाळी इथे प्रिंटर खरखर करत पान बाहेर सोडायचा. चतुराबाई ते स्वतः ओढून घेत. अक्षराला अक्षर जोडत वाचत. बबनराव मदतीला पुढे आले तर त्यांचा हात बाजूला सारत.

"जेवन आनून देता, पानी आनून देता, गोळ्या आनून देता," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "हे एक पान मातर माह्याकडं आपल्या पायानं येते."

आणि ऊन तापायला लागलं तसं ते पानच यायचं बंद झालं. चतुराबाई तक्रारीचा शब्द काढत नव्हत्या. पण दिवेलागणीला त्यांचा हात उगाच त्या प्रिंटरच्या झाकणावर जाऊन पडे. ते बबनरावांना बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लखनला गाठलं. गावात नेटची लाइन लखन देतो. दोन लेकरांचा बाप, पोट सुटलेला, घाईत असलेला माणूस. त्यानं फोन हातात धरून समोरच्या खोलीत एक फेरी मारली.

"नेट तर बम्म आहे, काका. तुमचा प्रिंटरच गेला असन. नवा घ्या."

"गेला तर काहून गेला?"

"काका, आता सुरू नका होऊ."

तरी दोघांनी प्रिंटर उचलून समोरच्या खोलीत राउटरजवळ आणला. लावला आणि बघतात तर काय, दिवा एका झटक्यात स्थिर! चाचणीचं पानसुद्धा आलं.

"झालं की!" लखन हात झटकत म्हणाला. "राहू द्या इथंच. पान आलं की काकूले नेऊन देत जा."

आतून चतुराबाईंचा आवाज आला, "ठेवा तिथंच. चालते मले."

ते 'चालते मले' बबनरावांच्या काळजाला लागलं. चालतं म्हणजे काय? नेऊनच द्यायचं, तर ते पान गोळ्यांसारखंच झालं की!

"नाई," ते म्हणाले. "लाइटची वायर आन लांब."

मग सुरू झाली वरात. पुढे स्टुलावर प्रिंटर घेतलेले बबनराव, मागे वायर सोडत लखन. समोरच्या खोलीत दिवा स्थिर. बाहेर ओसरीत आले, तरी स्थिर. ओसरीत मागच्या खोलीची खिडकी उघडते, तिच्याजवळ ठेवला, तिथेही स्थिर. तोच प्रिंटर स्वयंपाकघरातून फिरवून आत नेला, खाटेशेजारी ठेवला, की लागला लुकलुकायला.

बबनरावांचे डोळे चमकले. स्टँडवरचे दिवस आठवले.

"हे पाह्य लखन. गाडी पातूरहून निघाली, घाट उतरली, मेडशीले आली नाई. तर मंग ती कुठं असन?"

"मधात अडकली असन."

"मंग मधात काय आहे?"

"भिंत आहे, काका. हातभर जाड मातीची."

"भिंत तर थंडीतबी होती. तवा पानं येत होते. ते खिडकीतून येत असतीन." आणि बोलता बोलता बबनराव खिडकीकडे वळले.

खिडकी होतीच कुठे? खिडकी भरून कूलर उभा होता. पत्र्याचा, चहूबाजूंनी ओल्या ताट्यांचा, टाकी काठोकाठ पाण्यानं भरलेला.

"काका, कूलर हवा देते," लखन हसायला लागला. "नेट खाते का तो?"

"पत्रा अन् पानी, मधात दुसरी भिंतच उभी झाली. ढकल."

दोघांनी जोर लावून कूलरचा स्टँड बाजूला सरकवला. टाकीतलं पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. आत निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि थांबला. बबनरावांनी पुण्याला फोन लावून राहिलेली सारी पानं पुन्हा सोडायला सांगितली. मग प्रिंटरला अशी काही खरखर सुटली की चतुराबाईंनी दोन्ही हात पुढे केले. इतक्या दिवसांची अडकलेली पानं एकामागून एक यायला लागली. आंब्यावरचा पोपट. पडलेला दात दाखवणारी पोरगी. लाल रंगाची एसटी, आणि तिच्या खिडकीत आजी. शेवटच्या पानावर चित्र नव्हतंच. चतुराबाईंनी अक्षरं जोडत मोठ्यानं वाचलं, "आजी, तू माझी पानं वाचत नाहीस का?"

वाचून त्यांनी ते पान छातीशी धरलं.

बबनराव खाटेच्या कडेवर बसले. मनात हिशोब चालूच होता.

"अवं, म्हंजे कूलर लावला त्याच दिवसापासून पानं बंद. तू तर चोवीस घंटे इथंच. तुले दिसलं नाई का?"

"दिसलं नं. त्याच दिवशी दिसलं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी साऱ्या गावाले विचारलं. मले कुठं विचारलं?"

आयुष्यभर बबनरावांनी प्रत्येक उशिरा येणाऱ्या गाडीला विचारलं. ही कधी उशिरा आलीच नव्हती, म्हणून हिला विचारायचं राहून गेलं.

"मांगच्या उन्हाळ्यात तुमी ओसरीत भोवळ येऊन पडले," चतुराबाई पानांच्या कडा जुळवत म्हणाल्या. "डॉक्टर म्हने, ऊन डोक्यात गेलं. कूलर घ्या म्हने. तवा उचलाले मी होती. औंदा पडले तर कोन उचलन तुमाले?"

ज्याला पुन्हा काहून लावता येत नाही असं उत्तर बबनरावांना पहिल्यांदाच मिळालं होतं. लखन उगाच वायर गुंडाळत ओसरीत गेला. आत नेटचा दुसरा डबा बसवून देतो, मग कूलर हलवायला नको, असं त्यानं तिथूनच सांगितलं. अकोल्याहून मागवावा लागेल म्हणाला.

डबा येईल तेव्हा येईल. तोवर बबनरावांनी आपलं वेळापत्रक बसवलं. संध्याकाळी ते पुण्याला फोन लावतात, "सोड गाडी." मग कूलर बंद करून, कमरेवर हात ठेवत, तो खिडकीतून बाजूला सारतात. दिवसभर तापलेली हवा भसकन आत शिरते. ओसरीतून त्यांचा स्टँडवरचा जुना आवाज येतो, "पुने-मेडशी गाडी येऊन राह्यली हो! उतारूनं आपलं सामान सांभाळा!"

"पुरे करा, लोक हासतीन," आतून चतुराबाई म्हणतात.

कालही तसंच झालं. पान आलं, चतुराबाईंनी ते ओढून घेतलं. बबनराव आत येऊन खाटेवर टेकले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, धाप लागलेली.

"वाच न. काय लिवलं पोट्टीनं?"

"वाचते. थांबा जरा."

आणि पान उलटं की सुलटं हेही न बघता चतुराबाई त्या पानानं त्यांना वारा घालू लागल्या.